कारखान्यात पास झालेली यंत्रं समुद्रावर पुन्हा का तपासायची?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा फोर्थ इंजिनिअर, कोरियातल्या यार्डातून नवंकोरं कंटेनर जहाज ताब्यात घ्यायला कंपनी त्याला पाठवते आहे. त्या विचारतात, 'प्रत्येक यंत्र कारखान्यात तपासून, शिक्का मारूनच येतं ना? मग समुद्रावर नेऊन परत परीक्षा कशाला? आणि हा म्हणतो, पहिले सहा महिने झोप विसरायची. नव्या जहाजावर उलट काम कमी नको का?'

ताई, तुमचा मुलगा खरं सांगतोय. मी चीफ इंजिनिअर म्हणून जहाजावर होतो आणि नंतर मालकाचा माणूस म्हणून यार्डात बसून नवी जहाजं बांधून घेतली. दोन्ही बाजूंनी पाहिलंय म्हणून सांगतो: पंधरा वर्षांचं, नीट राखलेलं जहाज चालवायला सोपं, नवं अवघड. जुन्या जहाजाच्या खोडी सगळ्यांना पाठ असतात. नव्याच्या अजून कुणालाच माहीत नसतात, बांधणाऱ्यालाही नाही.

यंत्रं तपासलेली असतात हे अगदी बरोबर. पण कुठे तपासलेली? मेन इंजिनची शॉप ट्रायल, म्हणजे कारखान्यातली चाचणी, होते तेव्हा इंजिन काँक्रीटच्या जाडजूड पायावर बसवलेलं असतं. प्रोपेलरच्या जागी पाण्याचा ब्रेक लावलेला, थंड पाणी हव्या त्या तापमानाचं, तेल गाळून गाळून स्वच्छ केलेलं आणि बाजूला ते इंजिन रोज जोडणारी माणसं. भार हळूहळू चढवत 100 टक्क्यांवर आणि थोडा वेळ त्याच्याही वर नेतात. आकडे सुरेख येतात, क्लासचा, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर सही करतो. जनरेटर वेगळ्या कारखान्यात, पंप तिसरीकडे, तेल शुद्ध करणारा प्युरिफायर कुठल्या चौथ्याच देशात असेच पास होतात. मग हे सगळं एका पोलादी खोक्यात येऊन बसतं, आणि ते खोकं वाकतं.

जहाज वाकतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटते. लाट मध्याखाली आली की दोन्ही टोकं खाली झुकतात, त्याला आम्ही हॉगिंग म्हणतो. लाटा दोन टोकांना आणि मध्ये खोलगट, की पोट खाली येतं, ते सॅगिंग. मुलाला सांगा, मोठ्या कंटेनर जहाजावर गेलास की मेन डेकच्या खाली दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत जाणारा लांब बोळ असतो, त्यात एकदा मागच्या टोकाला उभा राहा. छताला दिव्यांची सरळ रांग. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मोठी लाट आली की पलीकडच्या टोकाचे दिवे हळूच खाली जातात, आणि मग परत वर येतात. तिरकी लाट असेल तर रांग पिळल्यासारखी दिसते. कॅडेट लोक घाबरून वर सांगायला धावतात. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पोलादाने तेवढं वाकावं असंच गणित मांडलेलं असतं.

पण त्या वाकणाऱ्या पोलादावर तुमचं इंजिन बसलेलं असतं, आणि इंजिनातून निघालेला शाफ्ट कित्येक मीटर मागे जाऊन प्रोपेलर फिरवत असतो. खरी गंमत इथे आहे.

शाफ्ट सरळ रेषेत बसवतात असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात तो मुद्दाम अगदी किंचित वाकडा बसवतात. टोकाला प्रोपेलरचं वजन लटकतंय, मोठ्या जहाजात ते कित्येक टन असतं. सगळी बेअरिंगं, म्हणजे शाफ्ट ज्यांवर टेकून फिरतो ते आधार, एका रेषेत ठेवली तर कुणावर भार फार पडेल आणि कुणी रिकामंच राहील. म्हणून एखादं बेअरिंग मिलिमीटरच्या काही दशांशाने खाली, दुसरं थोडं वर, असं हिशेबाने बसवतात. हा हिशेब यार्डाने जहाज सुक्या गोदीत असताना मांडायचा आणि तो खरा ठरायचा जहाज पाण्यात, माल भरल्यावर, इंजिन तापल्यावर. गोदीत जहाज ठोकळ्यांवर टेकलेलं असतं. पाण्यात उतरलं की तळाला खालून रेटा मिळतो, पिछाडीचा आकार बदलतो. बॅलास्ट, म्हणजे तोलासाठीचं पाणी, भरा, परत बदलतो. दुपारी डेक उन्हाने तापला की पत्रे प्रसरण पावतात आणि सबंध जहाज केसभर कमान घेतं. म्हणून शाफ्टची रेषा पाहायचं काम यार्डात पहाटे किंवा रात्री करतात. आमचे कोरियन फोरमन त्या दिवशी दुपारी झोपा काढायचे आणि पहाटे उत्साहात हजर असायचे. मालकाच्या माणसाला मात्र दिवसभराचं कामही चुकत नसे.

जहाज तरंगायला लागल्यावर प्रत्येक बेअरिंगवर खरोखर किती वजन आलंय ते जॅक लावून मोजतात. बेअरिंगशेजारी शाफ्टखाली हायड्रॉलिक जॅक, वर डायल गेज. थोडा थोडा दाब देत शाफ्ट मिलिमीटरच्या शतांशात उचलायचा, दाब आणि उचल कागदावर मांडायची. रेघ जिथे वळते तिथे बेअरिंगने भार सोडला. एवढं साधं काम, पण नव्या जहाजाबद्दल इतकी खरी माहिती देणारं दुसरं काम मला माहीत नाही. इंजिनचं सगळ्यात मागचं बेअरिंग मी नेहमी स्वतः पाहायचो. रिकाम्या जहाजात तिथे बरा भार असतो, पण पूर्ण ड्राफ्टला, म्हणजे माल भरून जहाज पाण्यात पुरं खोल बसलं की, पिछाडी वाकते आणि ते बेअरिंग कधीकधी हवेत राहतं. इंजिनच्या कारखान्याची चूक नाही, शाफ्टवाल्याची नाही, पोलाद कापणाऱ्याचीही नाही. तिघांच्या मधल्या जागेची ती चूक असते, आणि मधल्या जागेवर कुणाचाच शिक्का नसतो.

ब्रिटिश नौदलाची विमानवाहू नौका 'प्रिन्स ऑफ वेल्स' आठवत असेल. 2019 च्या डिसेंबरात ती नौदलात दाखल झाली. ऑगस्ट 2022 मध्ये पोर्ट्समथहून अमेरिकेकडे निघाली आणि थोड्याच वेळात आइल ऑफ वाइटजवळ थांबली. उजव्या शाफ्टचा जोड निकामी झाला होता. रोसाइथच्या सुक्या गोदीत नेऊन दुरुस्ती करावी लागली, त्यात महिने गेले, आणि शाफ्टच्या रेषेतल्या दोषाची चर्चा पार त्यांच्या संसदेपर्यंत पोहोचली. जोडाचे तुकडे सुटे तपासले असते तर सगळे उत्तम निघाले असते, याबद्दल मला शंका नाही.

आता समुद्रावरच्या चाचणीकडे येऊ. जहाज निघतं तेव्हा त्यावर मुलासारखे खलाशी आणि इंजिनिअर नसतात, किंवा असले तरी पाहुणे म्हणून. चालवतात यार्डची माणसं. शिवाय इंजिन, टर्बोचार्जर, रडार, सुकाणू, ऑटोमेशन अशा प्रत्येक कंपनीचा तंत्रज्ञ, क्लासचे सर्व्हेअर, मालकाचे आम्ही चार-दोघं, रंगारी, वेल्डर, आचारी. एरवी वीस-पंचवीस माणसांच्या जहाजावर शेकडो जण. केबिन कधीच पुरत नाहीत. मेसमध्ये, जिममध्ये, कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकून माणसं झोपलेली, आणि दर दोन तासांनी कुठली तरी चाचणी पुकारली जाते.

चाचण्यांची यादी मोठी असते, सगळी सांगत बसत नाही. नांगर टाकून उचलायचा, वेग मोजायचा, इंजिनरूममध्ये एकही माणूस न ठेवता काही तास इंजिन चालवायचं, आवाज मोजायचा. वेग मोजताना एकाच पट्ट्यात एकदा जाऊन, उलट फिरून परत येतात, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा हिशेब काढता येतो. मालक पैसे मोजतो ते या आकड्यावर. कराराएवढा वेग आला नाही तर यार्डला दंड बसतो, म्हणून यार्डच्या लोकांचे चेहरे त्या दिवशी पाहण्यासारखे असतात.

मला स्वतःला रस असायचा तो वळणात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा निकष असा की पूर्ण सुकाणू देऊन उलट दिशेला तोंड होईपर्यंत जहाज आपल्या लांबीच्या पाचपटीपेक्षा जास्त बाजूला सरकता कामा नये. म्हणजे पूर्ण वेगात सुकाणू 35 अंशांवर फेकायचं आणि वर्तुळ घ्यायचं. ब्रिजवर मजा असते: जहाज बाहेरच्या बाजूला कलतं, मागे पाण्यावर मोठं गुळगुळीत वर्तुळ उमटतं, लोक फोटो काढतात. खाली कंट्रोल रूममध्ये आम्ही एकाच आकड्याकडे बघत असतो, स्टर्न ट्यूबच्या मागच्या बेअरिंगचं तापमान. स्टर्न ट्यूब म्हणजे शाफ्ट जिथून जहाजाबाहेर जातो ती नळी. वळणात पाणी प्रोपेलरवर तिरकं येतं, प्रोपेलरचा रेटा मध्यावरून सरकतो. एका बाजूच्या वळणात शाफ्ट उचलल्यासारखा होतो, दुसऱ्या बाजूच्या वळणात बेअरिंगच्या मागच्या कडेवर दाबला जातो. चाचणीत जहाज हलकं असतं, कधी प्रोपेलर पूर्ण बुडालेलाही नसतो, त्यामुळे दाब आणखी बेभरवशाचा. आणि बेअरिंगचा पांढरा धातू, म्हणजे आतलं मऊ अस्तर, नवा, शाफ्टशी अजून न जुळलेला.

एका चाचणीत आकडा 40 होता. डावं वळण झालं, 41. उजवं सुरू झालं तसा 43, 46, 50 असा चढत गेला. स्क्रीनसमोर बसलेला यार्डचा पोरगा एकटक बघत होता आणि त्याचा हात फोनवर होता. 53 ला मी ब्रिजला वेग कमी करायला सांगितलं. आधी आरपीएम उतरवा, सुकाणू सावकाश सरळ करा. वर कॅप्टन वैतागला, वर्तुळ अर्ध्यात मोडलं होतं. आकडा आणखी दोन अंश चढला आणि मग थबकला. आम्ही दोन तास मध्यम वेगाने सरळ चाललो, मग लहान लहान सुकाणू देत परत वर गेलो. संध्याकाळी तेच वळण 47 वर पार पडलं. धातूची उंच टोकं घासून बसली, तेलाचा थर धरू लागला, इतकंच. पण दुपारी हट्टाने वर्तुळ पुरं केलं असतं तर पांढरा धातू वितळून शाफ्टला चिकटला असता, आणि जहाज टगच्या दोरीने यार्डात आलं असतं. अशी जहाजं मी पाहिली आहेत. हल्ली बऱ्याच यार्डांत पहिल्या दिवशी आधी बेअरिंग बसवायचं, मग वळणं, असा क्रम पाळतात. मला विचाराल तर हा क्रम करारातच लिहायला हवा.

दुसरा मोठा विषय कंपाचा. प्रोपेलरचं प्रत्येक पातं जहाजाच्या पिछाडीखालून जाताना पाण्याचा एक ठोका देतं. पाच पाती आणि मिनिटाला 80 फेरे, म्हणजे मिनिटाला 400 ठोके. आता इंजिनरूमच्या वर उभा असलेला राहत्या खोल्यांचा मजल्यावर मजले चढवलेला मनोरा, त्याचीही स्वतःची एक थरथरण्याची गती असते. दोन्ही जुळल्या की कॅप्टनच्या टेबलावरचा कप चालायला लागतो. हिशेब आधी करतात, पण पिछाडीच्या पत्र्यांचा ताठपणा, टाक्यांतलं पाणी, तळाखालची समुद्राची खोली, सगळ्यांचा परिणाम कागदावर अचूक धरता येत नाही.

1935 साली फ्रान्सचं 'नॉर्मंडी' निघालं तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात देखणं जहाज होतं. पहिल्याच फेरीत अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा मान मिळवला. पण मागच्या भागात इतकं थरथरायचं की तिथल्या उतारूंना राहणं कठीण झालं. हिवाळ्यात जहाज गोदीत घेऊन तीन पात्यांचे प्रोपेलर काढले आणि चार पात्यांचे बसवले. जुन्या प्रोपेलरांत दोष नव्हता. त्यांचा ठोका त्या जहाजाला मानवत नव्हता, बस. इतर मजबुतीही केली, आणि त्रास बराच आटोक्यात आला.

त्याहून महाग पडलेलं उदाहरण 'क्वीन एलिझाबेथ 2' चं. स्कॉटलंडमध्ये क्लाइडवर बांधलेलं. 1968 च्या शेवटी चाचणीच्या प्रवासात त्याच्या वाफेच्या टर्बाइनची पाती तुटली. पात्यावर वाफेचे झोत ज्या लयीत आदळत होते, ती लय पात्याच्या स्वतःच्या कंपाशी जुळली होती. धातू थकला आणि मोडला. क्युनार्ड कंपनीने जहाज ताब्यात घ्यायला साफ नकार दिला. टर्बाइन दुरुस्त होऊन, परत चाचण्या होऊन पहिला प्रवास निघाला तो मे 1969 मध्ये. माझ्या मते क्युनार्डचा तो नकार हा त्या जहाजावरचा सगळ्यात मोठा उपकार. पुढे ते जवळजवळ चाळीस वर्षं चाललं, टर्बाइन काढून डिझेल बसवली ती 1986-87 मध्ये.

आजच्या डिझेल जहाजात असाच एक पट्टा मुद्दाम लिहून ठेवलेला असतो. अमुक ते अमुक आरपीएमच्या मध्ये थांबायचं नाही, घाईने पार व्हायचं. तिथे इंजिनाचे ठोके आणि शाफ्टचा पीळ एका लयीत येतात. शाफ्ट दिसायला मांडीएवढा जाड असला तरी फिरताना दोरीसारखा पिळतो आणि सुटतो. चाचणीत शाफ्टवर बारीक ताण-मापक चिकटवून हा पीळ मोजतात आणि पट्टा पक्का करतात. टॅकोमीटरवर लाल रंग असतो, तो शोभेचा नसतो, हे तुमच्या मुलाला माहीत असेलच.

इंजिनच्या माथ्याजवळ बाजूच्या पोलादी भिंतीला धरणारे टेकू असतात. त्याला टॉप ब्रेसिंग म्हणतात. उंच इंजिन डावी-उजवीकडे झुलू नये म्हणून ते. पण टेकू ज्या भिंतीला टेकतो ती भिंत किती ताठ, हे प्रत्येक जहाजात वेगळं. शॉप ट्रायलमध्ये ती भिंतच नसते. म्हणून चाचणीत एक माणूस कंपमापक घेऊन तिथे वर तासन् तास उभा असतो. तिथलं तापमान सांगत नाही, कानात ठोकळे घालूनही डोकं गरगरतं. हे काम नेहमी सगळ्यात नव्या पोराला देतात. यात न्याय नाही, पण रिवाज आहे.

पोलादाबद्दल थोडं विषयांतर करतो. 16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडजवळ 'स्केनेक्टडी' नावाचं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. नवंकोरं, समुद्रावरची चाचणी नुकतीच उरकून आलेलं. शांत पाण्यात, वारा नाही, लाट नाही, आणि मोठा आवाज होऊन मध्यावर तडकलं. डेक फाटला, बाजू फाटल्या, तळाच्या पत्र्यांवर अर्धे-अर्धे लोंबकळत राहिलं. रिव्हेटच्या जुन्या जहाजांत एका पत्र्यात तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्डिंगने सगळं जहाज एकसंध झालं आणि तड्याला पळायला वाट मोकळी झाली. त्यात ते पोलाद थंडीत ठिसूळ होणारं. त्याच युद्धकाळात घाऊक बांधलेल्या लिबर्टी मालवाहू जहाजांतही असे तडे गेले, तिथून पोलादाच्या जातीचे आणि वेल्डिंगच्या क्रमाचे नियम बदलले. हे सांगायचं कारण, चाचणी उत्तीर्ण होणं म्हणजे अमरपट्टा नव्हे. चाचणी त्या दिवशीच्या समुद्रात, त्या दिवशीच्या भारात झालेली असते.

आपल्या कोकणात लाकडी होडी पाण्यात उतरवतात तेव्हा पहिले दिवस ती पाणी घेतेच, फळ्या फुगून सांधे आवळेपर्यंत धीर धरावा लागतो. जुने तांडेल त्या दिवसांत होडीवर जाळं चढवत नसत. पोलादी जहाजाचे सांधे फुगत नाहीत, पण त्यालाही धीर धरणारं माणूस लागतं.

आता ज्या गोष्टीने तुमच्या मुलाची झोप जाणार आहे ती: घाण. नवं जहाज आतून घाण असतं. बाहेरून रंग चकचकीत, पण किलोमीटरच्या किलोमीटर पाइप जोडलेले असतात, त्यांत वेल्डिंगचे थेंब, ग्राइंडिंगची पूड, वाळू, रंगाचे पापुद्रे, एखादी चिंधी, आणि मी पाहिलंय म्हणून सांगतो, एकदा अख्खा हातमोजा. यार्ड तेल फिरवून पाइप धुतं, त्याला फ्लशिंग म्हणतात, कागदावर स्वच्छतेचा दर्जा मिळतो. मग जहाज पहिल्यांदा खऱ्या लाटेत हलतं आणि टाकीच्या कोपऱ्यांत, पाइपांच्या वळणांत चिकटून बसलेलं सगळं सुटून निघतं. फिल्टर तासातासाला भरतात. आमचा एक जुना सेकंड इंजिनिअर होता, रत्नागिरीकडचा. तो फिल्टर उघडला की आधी जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकायचा आणि बॅटरी धरून वाचायचा, वर्तमानपत्र वाचावं तसा. गोल चमकदार कण म्हणजे वेल्डिंग, लवकरच संपतील. पांढुरके चपटे तुकडे दिसले तर तो लगेच शांत व्हायचा आणि मला हाक मारायचा, कारण ते बेअरिंगचा धातू असू शकत होते. धागे निघाले तर कुठल्या टाकीत चिंधी राहिली ते शोधायला माणूस आत उतरवायचा. हे शहाणपण कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. मुलाला सांगा, पहिले काही आठवडे फिल्टर मोटरमनवर सोडू नकोस, स्वतः उघड.

सिलिंडरच्या आत तेच चालतं. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, एकमेकांना घासून बसायला पहिले काहीशे तास जातात. तोवर सिलिंडर ऑइल जास्त द्यायचं, मग टप्प्याटप्प्याने उतरवायचं. बंदरात इंजिन थांबलं की स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा येण्याच्या भोकांतून, दिवा टाकून रिंग पाहायच्या: ओलसर चमक हवी, उभे ओरखडे नकोत. कंपनीचा हिशेबनीस ऑइलचा खर्च बघून मेल पाठवतो, त्याला नम्रपणे नाही म्हणायला चीफ खमका लागतो. पायाचे बोल्ट, टाय बोल्ट, चेन यांचा ताणही याच काळात पुन्हा तपासतात, कारण तापून-थंड होऊन सगळं थोडं थोडं बसतं.

तिसरी भानगड तारा आणि संदेशांची. एका जहाजावर दर काही वेळाने ल्यूब ऑइलचा, म्हणजे वंगणतेलाचा, राखीव पंप आपोआप सुरू व्हायचा. कुणी न सांगता, दिवसरात्र. पंपवाला म्हणाला, माझा पंप ठीक. फिल्टरवाला म्हणाला, माझा फिल्टर ठीक. ऑटोमेशनवाल्याने आपले ड्रॉइंग दाखवले, तेही ठीक. फोर्थ इंजिनिअर घड्याळ घेऊन बसला आणि त्याने वेळा लिहिल्या. निघालं ते असं: स्वयंचलित फिल्टर स्वतःला उलटं धुतो तेव्हा क्षणभर दाब पडतो. त्या क्षणभराच्या पडण्याला प्रेशर स्विच लगेच 'दाब गेला' समजून राखीव पंपाला उठवत होता. स्विचला तीन सेकंद थांबायला शिकवलं आणि रोग गेला. असे डझनांनी सापडतात. हजारो अलार्म पॉइंट, प्रत्येकाची मर्यादा कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेली, आणि शेजारच्या यंत्राची सवय त्याला माहीत नसलेली. म्हणून पहिल्या महिन्यात रात्री तीनला अलार्म वाजतात. झोप तिथेच जाते.

यातली सगळ्यात धाक घालणारी चाचणी ब्लॅकआउटची. चालू जनरेटर मुद्दाम पाडतात. क्षणात सगळं काळोखात, पंखे थांबतात, आणि इंजिनरूममध्ये कधी न ऐकलेली शांतता. नियम असा की 45 सेकंदांत इमर्जन्सी जनरेटरने भार उचललाच पाहिजे. मग मुख्य वीज परत आली की पंप ठरलेल्या क्रमाने एकेक सुरू व्हायला हवेत. सगळे एकदम उठले तर जनरेटर परत पडतो. क्रमात एखादा कूलिंग पंप मागे राहिला तर सगळं सुरू होऊनही इंजिन सुरू होत नाही. बंदराच्या तोंडाशी, वाऱ्यात, हे खरोखर घडतं तेव्हा दुसरी संधी नसते, म्हणून मी ही चाचणी यार्डकडून एकदाच नाही, वेगवेगळ्या परिस्थितीत परत परत करून घ्यायचो. यार्ड कुरकुरायचं.

आपल्याकडचंच बघायचं तर माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका 'मोरमुगाव' 19 डिसेंबर 2021 ला, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, पहिल्यांदा चाचणीसाठी समुद्रात गेली आणि नौदलात दाखल झाली ती 18 डिसेंबर 2022 ला. मध्ये जवळजवळ वर्ष. कोचीत बांधलेल्या 'विक्रांत' ने ऑगस्ट 2021 पासून चाचण्या केल्या त्या एका दमात नाहीत, चार टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात मुख्यतः इंजिनं आणि जहाजाचा तोल, मग पुढे बाकीची यंत्रणा. युद्धनौकेत तोफा, रडार, क्षेपणास्त्रं यांनाही एकमेकांशी बोलायचं असतं, म्हणून तिथे वेळ लागतो. व्यापारी जहाजाला तेवढी मुभा नाही. चार-सहा दिवस चाचणी, आठवडाभरात सह्या, झेंडा बदलला की दुसऱ्या दिवशी माल भरायला. उरलेलं शिकणं तुमच्या मुलाच्या पहाऱ्यात होतं. यार्डच्या माणसांनी चाचणीत जे हातात घेतलं होतं ते सगळं हस्तांतराच्या दिवशी निघून जातं, आणि जहाजाला आपली माणसंही नवीन, माणसांना जहाजही. माणसंसुद्धा एकमेकांना नवीन असतात. चांगली कंपनी म्हणूनच चीफ, सेकंड आणि इलेक्ट्रिशियनला काही आठवडे आधी यार्डात पाठवते. पाइप उघडे असताना पाहिलेला माणूस पुढे अंधारातही व्हॉल्व्ह शोधतो. तुमच्या मुलाला आधी पाठवत असतील तर कंपनी शहाणी आहे असं समजा.

काळजी करू नका, पण त्याला दोन कामं नक्की सांगा. पहिलं, पहिल्या महिन्यात, सगळं ठीक असतानाच, शांत समुद्रात ठरावीक आरपीएमला प्रत्येक बेअरिंगचं तापमान, प्रत्येक पंपाचा दाब आणि करंट एका वहीत लिहून ठेवायचे, आणि पंपांवर हात ठेवून थरथर ओळखीची करून घ्यायची. सहा महिन्यांनी काही बिनसलं की 'आधी किती होतं' याचं उत्तर जहाजावर फक्त त्याच्याकडे असेल. दुसरं, साधारण एक वर्षाची गॅरंटी असते, आणि सुरुवातीला यार्डचा गॅरंटी इंजिनिअर जहाजावर येतो. तो एकटा असतो, त्याला भाषेचा त्रास असतो, जेवण आवडत नाही. त्याला जेवणाच्या टेबलावर आपल्यात घ्यावं, तो यार्डातल्या कुठल्या माणसाला फोन लावायचा हे जाणतो. पण दावा मात्र लेखीच करावा, आणि त्यात तारीख, आरपीएम, ड्राफ्ट, समुद्राची स्थिती आणि फोटो हवेत. 'मागच्या बाजूला आवाज येतो' एवढंच लिहिलेला कागद यार्ड नम्र उत्तर देऊन परत पाठवतं, आणि वर्ष संपलं की ते उत्तरही येत नाही.